स्वयंसेवकाचा अर्धा तास

औषधाच्या दुकानांतून एखादी बाटली आणावी, आंतलें औषध अगदीं गुणकारी असावें, परंतु तें किती घ्यावयाचें, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर, पोटांत घ्यावयाचें कीं बाहेरून लावावयाचें, यांविषयीं बाटलीवर एक अक्षरहि लिहिलेलें नसावें, तर त्या औषधाचा उपयोग कोणास होणार? संगणकाच्या जगांत अशा चिठ्ठीवांचून राहिलेल्या बाटल्या पुष्कळ आहेत. आणि ज्याला 'मुक्तस्रोत' सॉफ्टवेअर म्हणतात त्या प्रकारांत तर त्या विशेषच आढळतात.

ज्याची मूळ संहिता कोणालाहि वाचतां येते, बदलतां येते आणि पुनः वांटतां येते, तें मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. हा विषय मूठभर तज्ज्ञांचा आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून दिलेली बरी. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं असलेलें लिनक्स, घरोघरीं चित्रपट दाखविणारें व्हीएलसी, इंटरनेट पाहण्याचें फायरफॉक्स, पत्रें आणि हिशेब लिहिण्याचें लिब्रेऑफिस, कॉलेजांतून शिकविली जाणारी पायथन भाषा, हीं सारीं याच कुळांतलीं. हीं घडविणाऱ्यांत पगारी माणसें आहेत, तशींच केवळ हौसेनें आणि परोपकारबुद्धीनें राबणारीं माणसेंहि हजारोंनीं आहेत. परंतु प्रोग्रॅम लिहिण्यास जितके हात पुढें येतात, तितके तो कसा वापरावा हें लिहिण्यास येत नाहींत. गिटहब या कंपनीनें २०१७ सालीं या क्षेत्रांतील लोकांची एक पाहणी केली. तींत शेंकडा ९३ जणांनीं अपुरी किंवा गोंधळांत टाकणारी मार्गदर्शिका ही अडचण आपणांस भेटल्याचें सांगितलें. आणि प्रत्यक्ष हातभार लावणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० जणांनीं, मार्गदर्शिकेच्या कामाला आपण क्वचितच किंवा कधींच हात लावीत नाहीं, असें कबूल केलें. रोग सर्वांना ठाऊक, पण उपचारास कोणी बसावयास तयार नाहीं, असा हा प्रकार आहे.

याचा फटका मोठ्या कंपनींतल्या इंजिनिअरास फारसा बसत नाहीं. तो शेजारच्या टेबलावर विचारून मोकळा होतो. ज्याला विचारण्यास शेजार नाहीं, जो तालुक्याच्या गांवीं एकटाच एका जुन्या संगणकापुढें बसून शिकत आहे, त्याचा गुरु म्हणजे ती मार्गदर्शिकाच. तींतील एक पायरी गाळली गेली, कीं त्याच्यापुरती ती विद्या तेथेंच संपते. आणि चूक पुस्तकाची होती हें त्या बिचाऱ्याला कळतहि नाहीं. आपली बुद्धीच कमी पडली असें समजून तो उठतो.

मार्गदर्शिकेंतील उणीव सर्वांत आधीं कोणाच्या लक्षांत येते, असें विचारलें तर बहुतेक लोक 'जाणत्याच्या' असें उत्तर देतील. तें उत्तर चुकीचें आहे. ज्यानें प्रोग्रॅम लिहिला त्याच्या तो इतका अंगवळणीं पडलेला असतो, कीं गाळलेली पायरी त्याला दिसतच नाहीं; त्याचा पाय ती आपोआप ओलांडतो. गुरुजींनीं तीनदां सांगूनहि न समजलेलें त्रैराशिक शेजारच्या मुलानें एका वाक्यांत समजावून दिल्याचें वर्गांत पुष्कळदां आढळतें, कारण तो मुलगा कालच त्याच जागीं अडलेला असतो. मार्गदर्शिकेच्या बाबतींतहि नुकताच ठेंचाळलेला नवखा हाच खरा परीक्षक होय. पण त्याची ही दृष्टि फार काळ टिकत नाहीं. आठवड्याभरांत तोहि सरावतो आणि कोठें ठेंच लागली होती तें विसरून जातो. चूक सांपडली, तिचें उत्तर सांपडलें, आणि 'पुढच्याला हा त्रास नको' असें मनांत आलें, तो जो अर्धा तास, तेवढाच काय तो त्या कामासाठीं उपलब्ध असतो. त्या अर्ध्या तासांत दुरुस्ती पोंचली तर पोंचली. नाहींतर ती सदिच्छा हवेंत विरून जाते. ज्या संस्थांनीं हें ओळखलें त्यांच्या मार्गदर्शिका सुधारल्या.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला असें मात्र नाहीं. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनें १८५७ सालीं इंग्रजी भाषेच्या एका नव्या कोशाची कल्पना मांडली. जुन्यानव्या ग्रंथांतून प्रत्येक शब्दाच्या वापराचीं उदाहरणें स्वयंसेवक वाचकांनीं काढून पाठवावीं, अशी ती योजना होती. पुढें वीस-बावीस वर्षें काम रेंगाळलें आणि १८७९ सालीं संपादकत्व जेम्स मरे यांच्याकडे आलें. मरे हे मिल हिल येथील शाळेंत शिक्षक होते. आणि अनोळखी माणसाकडून नेमकें काम कसें करून घ्यावें ही कला त्यांस शिक्षकी पेशानेंच दिली असावी, असें म्हणण्याचा मोह होतो. त्यांनीं लगेच एक पत्रक काढून एक हजार वाचकांची मागणी केली. परंतु 'आम्हांस साहाय्य करा' एवढेंच मोघम सांगून ते थांबले नाहींत. चिठ्ठीच्या कागदाचा अर्धा ताव घ्यावा, डाव्या कोंपऱ्यांत शब्द लिहावा, मग ग्रंथाचें वर्ष, ग्रंथकार, ग्रंथाचें नांव, पृष्ठ, आणि त्याखालीं मूळ वाक्य जसेंच्या तसें उतरावें, इतकें नेमकें त्यांनीं सांगितलें. कोणीहि शब्दाचा अर्थ लिहावयाचा नव्हता, व्युत्पत्ति शोधावयाची नव्हती. तें विद्वत्तेचें काम मरे यांच्या बागेंतील पत्र्याच्या खोलींत, खणांत लावलेल्या चिठ्ठ्यांच्या ढिगांमध्यें व्हावयाचें होतें. स्वयंसेवकानें फक्त एक चिठ्ठी लिहून टपालांत टाकावयाची.

त्या कोशाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या वाचकांनीं पाठविलेल्या चिठ्ठ्या मरे तपासूं लागले, तेव्हां 'अब्यूजन' या दुर्मिळ शब्दाचीं सुमारें पन्नास उदाहरणें त्यांस मिळालीं, आणि नित्याच्या 'अब्यूज' या शब्दाचीं पांचहि नाहींत! वाचकांचा यांत दोष नव्हता. विलक्षण शब्द डोळ्यांत भरतो, साधा शब्द नजरेखालून निसटतो. म्हणून मरे यांनीं साध्या शब्दांकडेहि लक्ष द्यावें अशी मुद्दाम विनंती केली. कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. मरे १९१५ सालींच वारले होते.

संगणकाच्या मार्गदर्शिकांकडे वळलें म्हणजे मरे यांची ही युक्ति कित्येक वर्षें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हती असें दिसतें. एखाद्या भल्या वाचकाला मार्गदर्शिकेंतील एक चुकलेलें अक्षर सुधारावयाचें असलें, तर पूर्वीं काय करावें लागे तें पाहण्यासारखें आहे. प्रथम त्या सॉफ्टवेअरची सबंध मूळ प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाची. मग बदलांची नोंद ठेवणारें एक वेगळें साधन बसवावयाचें आणि त्याच्या आज्ञा शिकावयाच्या. मार्गदर्शिका ज्या खुणांच्या भाषेंत लिहिलेली असे ती निराळीच, ती शिकावयाची. पान नीट छापलें जातें कीं नाहीं हें पाहण्यास आणखी दोनतीन प्रोग्रॅम लागत, आणि ते एकमेकांशीं जुळले नाहींत तर तो दिवस त्यांतच जाई. शेवटीं जुन्या आणि नव्या मजकुरांतील फरक ठराविक पद्धतीनें काढून तो ईमेलनें धाडावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. इतका खटाटोप एका वेलांटीसाठीं! असा द्राविडी प्राणायाम जो करूं शके तो बहुधा मुरलेला प्रोग्रॅमरच असे, म्हणजे ज्याला ती चूक दिसत नाहीं तोच. ज्याला दिसे तो दुसऱ्या पायरीवरूनच माघारा फिरे.

पायथन भाषेचेंच उदाहरण घ्या. तिची मार्गदर्शिका कित्येक वर्षें लाटेक नांवाच्या पद्धतीनें लिहिली जात असे. गणिताचे ग्रंथ सुबक छापण्यासाठीं लाटेकसारखें साधन नाहीं. परंतु नवख्याला तींतील उलट्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंस पाहूनच घाम फुटतो. २००७ सालीं गेऑर्ग ब्रांडल या तरुण जर्मन प्रोग्रॅमरनें ती सारी मार्गदर्शिका एका साध्या पद्धतींत उतरविण्याचें काम हातीं घेतलें. या पद्धतींत मजकूर जवळजवळ साध्या पत्रासारखाच दिसतो. शब्दावर जोर द्यावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक चांदणी काढावी, मथळ्याखालीं रेघ ओढावी, यादीस पुढें ठिपका द्यावा. न शिकलेल्यालाहि तो वाचतां येतो आणि पाहून पाहून लिहितांहि येतो. त्या मजकुराचीं पानें बनविणारें 'स्फिंक्स' नांवाचें साधन ब्रांडल यांनीं २००८ सालीं सर्वांसाठीं खुलें केलें, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या पायथनच्या २.६ या आवृत्तीची मार्गदर्शिका नव्या रूपांत प्रसिद्ध झाली. पुढें लिनक्सच्या गाभ्याची मार्गदर्शिकाहि २०१६ पासून याच साधनाकडे वळली. 'मार्कडाउन' ही जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धति तर याहूनहि सोपी आहे आणि आज ती सर्वत्र पसरली आहे.

पायथनच्या मंडळींनीं आणखीहि दोन गोष्टी केल्या. मार्गदर्शिकेच्या पानाच्या तळाशीं 'चूक आढळली काय?' अशा अर्थाचा एक प्रश्न आणि एक दुवा त्यांनीं ठेवला. आणि ज्याला फारसा वेळ नाहीं त्यानें नुसतें ईमेल धाडलें तरी चालेल, तें वाचण्यास स्वयंसेवक आहेत, मात्र थोडा उशीर लागेल, असें स्वच्छ सांगितलें. अक्षरांच्या क्षुल्लक चुकांसाठीं आधीं रीतसर तक्रार नोंदविण्याची अटहि त्यांनीं काढून टाकली. या गोष्टी दिसण्यांत किरकोळ आहेत. परंतु दारांत पायपुसणें ठेवलेलें असलें म्हणजे परक्यालाहि आंत यावेंसें वाटतें, तसा त्यांचा परिणाम होतो. गिटहबवर आतां एखाद्या पानावरील पेन्सिलीची खूण दाबली कीं तें पान तेथल्या तेथें सुधारतां येतें. स्वतंत्र प्रत काढणें, फरक नोंदणें हीं कामें यंत्र पडद्याआड करून घेतें आणि 'ही दुरुस्ती स्वीकारावी' अशी विनंती मालकांकडे जाते. पूर्वींचा दिवसभराचा खटाटोप पांच मिनिटांवर आला तो असा.

पायऱ्या कमी केल्यानें केवढा फरक पडतो याचें सर्वांत ठळक उदाहरण मार्गदर्शिकेचें नसून विश्वकोशाचें आहे. मार्च २००० मध्यें सुरू झालेल्या न्यूपीडिया या कोशांतील लेख तज्ज्ञांनीं लिहावा आणि तपासणीच्या सात पायऱ्यांतून तो पार पडावा, असा नियम होता. तो बंद होईपर्यंत त्या साऱ्या पायऱ्या चढून गेलेले लेख जेमतेम पंचवीसच्या घरांत होते. त्याच मंडळींनीं १५ जानेवारी २००१ रोजीं, वाटेल त्यानें यावें आणि लिहावें अशा पद्धतीनें विकिपीडिया चालू केला, आणि पहिलें वर्ष संपण्यापूर्वींच त्यांत सुमारें वीस हजार लेख जमले.

मराठी माणसाचा या कामाशीं जवळचा संबंध येतो तो भाषांतराच्या बाजूनें. फायरफॉक्स मराठींत आहे तें स्वयंसेवकांच्या श्रमांमुळें. त्यासाठीं मोझिला संस्थेनें 'पॉन्टून' नांवाचें जें साधन केलें आहे, तें पाहिलें म्हणजे मरे यांच्या चिठ्ठीची आठवण होते. एका बाजूस इंग्रजी वाक्य, शेजारीं रिकामी चौकट. मराठी वाक्य लिहावें आणि पुढें जावें. अनुभवी भाषांतरकार नंतर तें तपासतात. संहितेचें एक अक्षरहि ठाऊक नसलेली गृहिणी किंवा पेन्शनर दुपारच्या वेळीं अशीं दहा वाक्यें सहज करूं शकेल. परंतु या सोपेपणांतहि एक खांच आहे. समजा, 'ओपन' एवढाच शब्द चौकटींत आला. ती आज्ञा असेल तर 'उघडा' म्हणावें लागेल. स्थिति असेल तर 'उघडी' कीं 'उघडें' हें कशाविषयीं बोलणें चाललें आहे त्यावर ठरणार. इंग्रजीला लिंगभेदाची ही पंचाईत नाहीं, म्हणून मूळ लेखकाला ती सुचतहि नाहीं. शब्दासोबत 'हा बटणावरचा शब्द आहे' एवढी एक ओळ लिहिली तर भाषांतरकाराचा अर्धा तास सार्थकीं लागतो. ती नसली तर अंदाजानें लिहिलेलें भाषांतर हास्यास्पद होतें, आणि दोष मात्र मराठीला दिला जातो.

एवढें ऐकून कोणासहि वाटेल कीं सर्व दारें सताड उघडीं टाकावीं म्हणजे झालें. परंतु अनुभव असा नाहीं. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरांत 'हॅक्टोबरफेस्ट' नांवाचा उपक्रम चालवीत आली. २०२० सालचा नियम असा होता कीं जो चार दुरुस्त्या पाठवील त्याला एक शर्ट मिळेल. हेतु चांगला होता. एका लोकप्रिय हिंदी चित्रफितींत अशी दुरुस्ती कशी पाठवावी याचें प्रात्यक्षिक दाखविलेलें होतें. तीं पावलें जशींच्या तशीं गिरविणाऱ्यांत आपल्याकडील विद्यार्थी पुष्कळ होते. महिना लागतांच मार्गदर्शिकांवर दुरुस्त्यांचा पाऊस पडला. कोणी 'उत्कृष्ट' असा एक शब्द घुसडला, कोणी मथळ्यापुढें एक विशेषण चिकटविलें. मुलांना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. शर्टाचें आमिष आणि चार ही संख्या दाखविली तर चारच मोजून मिळणार. परंतु ती प्रत्येक विनंती उघडून, वाचून, नाकारण्याचें काम ज्यांना करावें लागलें तेहि बहुधा बिनपगारी स्वयंसेवकच होते. पहिल्या कांहीं दिवसांतच नियम बदलावा लागला आणि ज्यांनीं आपणहून संमति दिली असेल त्यांच्याच प्रकल्पांतील दुरुस्त्या मोजल्या जाऊं लागल्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एमडीएन या मोझिलाच्या ग्रंथभांडारानें एक पाऊल मागें घेतलें असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. इंटरनेटवरील पानें कशीं रचावीं याची माहिती देणारें हें भांडार २००५ पासून विकीच्या पद्धतीनें चालत असे. नांव नोंदविलेल्या कोणासहि पान बदलतां येई आणि बदल तत्काळ सर्वांस दिसे. डिसेंबर २०२० मध्यें सारा मजकूर गिटहबवर हलविला गेला. आतां बदल सुचवावयाचा, दुसऱ्यानें तो पाहावयाचा, आणि मगच तो प्रसिद्ध व्हावयाचा. देणाऱ्याची एक पायरी वाढली हें खरें. पण जुन्या व्यवस्थेंत चुकीचा बदल आधीं छापला जाई आणि कोणाच्या तरी दृष्टीस पडेपर्यंत तसाच राही. शिवाय चांगला बदल करणाऱ्यालाहि 'आपलें लिहिणें कोणी वाचलें काय?' हें कळत नसे. नव्या व्यवस्थेंत त्याला निदान एका माणसाचें उत्तर मिळतें. स्वयंसेवकास दुसऱ्यांदा आणणारी गोष्ट पुष्कळदां हीच असते. पहिल्या दुरुस्तीवर तीन महिने कोणी बोललेंच नाहीं तर दुसरी येत नाहीं. आणि 'आमच्या शैलीच्या सतराव्या नियमाचा भंग झाला आहे' असें कोरडें उत्तर आलें तर तो माणूस तर जातोच, पण चार मित्रांनाहि सांगतो. शुद्धलेखन, ओळींची लांबी, तुटलेले दुवे हें सारें तपासण्याचें काम यंत्रावर सोंपवावें, ओबडधोबड पण खरा मजकूर तसाच स्वीकारावा आणि घासूनपुसून घेण्याचें काम संपादकानें करावें, ही रीत अधिक शहाणपणाची आहे. मरे यांनीं वाचकांकडून चिठ्ठी मागितली होती, निबंध मागितला नव्हता.

गिटहबवर नवख्यांसाठीं राखून ठेवलेल्या सोप्या कामांवर खूण करण्याची सोय आहे. ती वापरली जाते, पण खूण करणाऱ्यानें तेथें काय हवें आहे हें चार ओळींत लिहिलें नाहीं तर ती व्यर्थ होय. 'अब्यूज' आणि 'अब्यूजन' यांचा घोळ येथेंहि होतोच. सांगितलें नाहीं तर लोक एखाद्या अपूर्व सुविधेवर पानेंच्या पानें लिहितात, आणि प्रोग्रॅम प्रथम बसवावा कसा हें पान वर्षानुवर्षें अर्धवट राहतें.

हें सारें करावयाचें कोणी? देणाऱ्याची पायरी कमी झाली म्हणजे ती नाहींशी होत नाहीं. ती घेणाऱ्याच्या अंगणांत जाऊन पडते. ऑक्सफर्डच्या कोशाला संपादक होते, त्यांचे पगारी साहाय्यक होते, छापखान्याचा पैसा होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या कित्येक मार्गदर्शिकांच्या मागें एकच माणूस असतो. लिनक्सच्या 'मॅन पेजेस' या प्रसिद्ध संग्रहाची गोष्ट पाहा. लिनक्सवर काम करणारे प्रोग्रॅमर त्याचीं पानें उघडून पाहतात. मायकेल केरिस्क यांनीं २००४ पासून सुमारें सतरा वर्षें तो सांभाळला, आणि त्यांच्यामागून आलेल्या गृहस्थांनीं तो पुढें चालविला. जगभरांतून येणाऱ्या दुरुस्त्या वाचणें, पडताळणें, जुळविणें हें काम ते आपल्या फावल्या वेळांत करीत. कोणत्याहि कंपनीचा पैसा त्यास मिळत नसे. सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं उत्पन्नावांचून हें यापुढें झेपत नाहीं, म्हणून काम थांबवीत आहें. सुधारणा पाठविणारे तेव्हांहि होते. त्या घेण्यास मात्र दारांत कोणी उरलें नव्हतें. दोन महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, कांहीं बड्या कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनमार्फत त्यांच्याशीं करार करून पैशाची तरतूद केली, आणि सांचून राहिलेल्या दुरुस्त्या पुनः एकेक करून वाचल्या जाऊं लागल्या.